खरबरीत बाजू

मॅनेजरनं माझी हनुवटी धरली. दोन बोटं खाली, अंगठा वर, आणि माझं तोंड खिडकीकडं वळवलं. झालं ते एवढंच. पुण्यातल्या एका थिएटरच्या माडीवरची खोली, टेबलावर माझ्या चित्रपटाचे चार डबे, खाली रस्त्यावर टांग्यांची घंटी, आणि अठ्ठावीस वर्षांचा बाप्या मी खुर्चीत बसलेला. आणि हा चिमाजीराव, ज्याची माझी ओळख जेमतेम दोन तासांची, बाजारातलं वांगं किडकं आहे का बघावं तसं माझं तोंड फिरवून बघत होता. "अजून तश्शीच आहे," तो म्हणाला. "दाढी नीट केली तर अजून दहा वर्षं मरण नाही. तुम्हाला बघायला आम्ही कॉलेज बुडवून यायचो, इब्राहिम." मी त्याचा हात झटकला नाही. आज म्हातारपणी हे लिहायला बसलो तरी तेच टोचतं. झटकला नाही, कारण हनुवटीला ती बोटं ओळखीची वाटली. हनुवटी आपोआप जरा वर झाली, मान डावीकडं कलली, पापण्या अर्ध्या खाली आल्या. मी काही केलं नाही, अंगानंच केलं. तेरा वर्षांचा एक पोरगा इतकी वर्षं माझ्या आत गुमान बसून होता आणि हाक आल्याबरोबर उठून उभा राहिला.

तशी बोटं पहिल्यांदा लागली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत लगद्यात होते. जुन्नरला आमचं कागदाचं काम. जुनी गोणपाटं, दोरखंडं आणायची, चुन्यात कुजवायची, कुटायची, नदीवर धुवायची, मग त्याचा लगदा हौदात सोडायचा आणि गवताच्या काड्यांची चटई पाण्यात बुडवून एकदाच वर उचलायची. दुसऱ्यांदा बुडवली की कागद गेला. आमच्यात लहानपणी अंक शिकवत नसत, हे शिकवत. अक्षर तर घरात कुणालाच येत नव्हतं. पेशव्यांच्या वेळेपासून आम्ही कागद करत आलो आणि त्याच्यावर लिहीत आले दुसरेच. एक नाटक कंपनी गावात उतरली होती, तिचा मालक जाहिराती छापायला कागद बघायला आमच्या छपरात आला. कागद त्यानं बघितलाच नाही. मी हौदाशी उभा होतो, माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि माझ्या बापाला, रहमतुल्लाला म्हणाला, "हा पोरगा द्या." बाप म्हणाला, "कागद घ्या राव. पोरगं इकायला ठेवलेलं न्हाई." पण त्याच साली कचेरीनं आमचा कागद घ्यायचा बंद केला होता. गिरणीचा पांढराफेक कागद आला होता, तो दगडाच्या घोटणीनं घासून गुळगुळीत करायला, घोटायला, लागत नव्हता. आठ दिवसांनी बापानंच मला कंपनीच्या बैलगाडीत बसवलं. म्हणाला, "हातचं काम ऱ्हाईलं न्हाई. तोंडाचं हाय तवर कर." माझी फुफी, ताजबी, बापाची थोरली बहीण, दारात उभी होती. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरात कागद घोटत बसलेली. गाडी हलली तेव्हा ती रडली बिडली नाही. माझा हात ओढून तळव्यावर आपल्या अंगठ्यानं घासलं, चुन्यानं पडलेली चीर बघितली आणि म्हणाली, "तेल लाव."

"ऐकताय ना?" चिमाजीराव म्हणाला. मी म्हटलं, "ऐकतोय." त्यानं आता हनुवटी सोडली होती आणि रुमालानं बोटं पुसत होता. सकाळी त्यानं माझे चारही डबे पडद्यावर लावून बघितले होते. रिकाम्या थिएटरात आम्ही दोघंच, आणि वर यंत्र फिरवणारा. मी पडद्याकडं न बघता त्याच्या पायाकडं बघत होतो. पहिला डबा होईपर्यंत पाय हलत होता. दुसऱ्या डब्यात थांबला. माणूस कंटाळला की पाय हलतो. थांबला म्हणजे एक तर रमला नाही तर रागावला. चित्रपट साधा होता. एक म्हातारी गोणपाटाच्या चिंध्या गोळा करते इथून सुरुवात. त्याचा कागद करते. कागदाची वळकटी डोक्यावर घेऊन जुन्नरहून घोडेगावच्या कचेरीत जाते. तिथं कारकून तिच्याच कागदावर कुणाच्या तरी जमिनीचं लिहितो, आणि ती तो कागद उलटासुलटा धरून बघते. तिला वाचता येत नाही, पण कागद आपला आहे हे हाताला कळतं. बस. ना देव, ना राक्षस, ना आकाशातून उतरणारं विमान. ती म्हातारी म्हणजे माझी फुफी.

नट म्हणून मी काय काय झालो ते मोजायला नको. नाटकात दोन वर्षं, मग ती कंपनी मोडली आणि मला चित्रपटाच्या कंपनीनं उचललं. तिथं तर बोलायचंही नव्हतं, नुसतं दिसायचं. मी राण्या झालो, गौळणी झालो, एका चित्रपटात सती गेलो आणि धुरानं खोकत बाहेर आलो. जाहिरातीवर माझं चित्र असायचं आणि खाली मोठी अक्षरं. ती अक्षरं म्हणजे माझं नाव असं मी दहा वर्षं धरून चाललो. अक्षर येत नव्हतं, पण चित्रासारखी ती मला पाठ झाली होती. कुठं वळण, कुठं काना, कुठं टिंब. पगाराच्या कागदावर सगळे अंगठा उठवायचे, मी ते चित्र काढायचो आणि छाती काढून उभा राहायचो. एकदा सुट्टीत जुन्नरला आलो तेव्हा फुफीला छपराच्या भिंतीवर कोळशानं काढून दाखवलं. "हे बघ, इब्राहिम." तिनं हात फिरवला, म्हणाली, "लई मोठं हाय रं तुझं नाव." ते माझं नाव नव्हतंच. ते 'मास्टर कमळाकर' होतं. मालकांना वाटलं होतं, सतीचं काम इब्राहिम करतो हे लोकांना कसं चालेल. मला कुणी सांगितलं नाही. फसवायचं म्हणून नाही, सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. पिंपळवंडीचा हौशीराम, शेतकऱ्याचा पोरगा, कंपनीत कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचा. पुढं अक्षरओळख त्यानंच मला करून दिली. माझी दाढी दिवसातून दोनदा करावी लागायला लागली, तसं मला पडद्यावरून काढून धुलाईच्या खोलीत टाकलं होतं. फीत लाकडी पिंपावर गुंडाळून पाण्यात फिरवायची, हे काम माझ्या हाताला लगेच आलं. ओल्या वस्तूला किती धरायचं आणि कधी सोडायचं हे आमच्या रक्तात. चित्रांच्या मधे येणाऱ्या, संवाद लिहिलेल्या पाट्यांच्या फिती वाळत घातल्या की हौशीराम त्याच्यावर बोट ठेवून मला वाचायला लावायचा. पंचविसाव्या वर्षी मी 'इतक्यात' हा शब्द वाचला. मग 'हे नाथ'. आणि एक दिवस खोलीच्या दारामागं चिकटवलेली जुनी जाहिरात वाचली. तीन वेळा वाचली. हौशीराम म्हणाला, "काय झालं रं?" मी म्हटलं, "हा कमळाकर कोण?" तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. "आयला. तुला ठावं न्हवतं?" त्या दिवसानंतर मी कुठल्याच कागदावर ते चित्र काढलं नाही. अंगठा उठवला. पुढं दोन चित्रपट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसवले, कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कधी वळायचं, सगळं. पाटीवर दिग्दर्शक म्हणून नाव मालकांचं आलं. ते मात्र मला वाचता आलं. दुसऱ्याच दिवशी मी कंपनी सोडली, आणि आठवड्यानं मोडका कॅमेरा घेऊन हौशीराम माझ्या मागं आला.

"तीन गोष्टी," चिमाजीराव म्हणाला. "थिएटर मी देतो. गणपतीनंतरचा आठवडा देतो, अजून काय पाहिजे? पण तीन गोष्टी. एक, दुसऱ्या डब्यातला तो रेघांचा तुकडा काढायचा. लोक म्हणतील यंत्र बिघडलंय, खुर्च्या मोडतील. दोन, ती म्हातारी." "म्हातारीचं काय?" मी विचारलं. "म्हातारी बघायला कोण येतं हो? घरोघर आहेत. तिथं तुम्हीच बसा. पातळ नेसा, पदर घ्या, थोडे केस पांढरे करा वाटल्यास. कॅमेरा मी मिळवून देतो. आणि तीन, नाव तेच जुनं. कमळाकर परत आला म्हटल्यावर पुणं फुटेल." तो मनानं वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यात खरंच पाणी होतं. कॉलेज बुडवून बघितलेली कुठलीतरी राणी तो माझ्यात शोधत होता. मी त्याला विचारलं, "कुठली गोष्ट सोडता येईल?" "एकही नाही," तो म्हणाला. "पण तुम्हाला अवघड काय आहे त्यात? बाई होणं तुम्हाला नवीन का आहे?"

अवघड काय होतं ते त्याला कसं सांगणार. तो रेघांचा तुकडा म्हणजे दोनशे फूट फीत. मागं लेण्याद्रीचा डोंगर, समोर धुळीची वाट, आणि डोक्यावर वळकटी घेऊन फुफी कॅमेऱ्याकडं चालत येते. मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, की रोजच्यासारखी चाल. ती म्हणाली, "मग काय तुझ्यावानी मुरडत चालू?" हौशीराम इतका हसला की हँडल थांबलं आणि पुन्हा घ्यावं लागलं. मोहल्ल्यात कुरकुर झाली होती. माझा चुलता दस्तगीर घरी येऊन म्हणाला, "आपल्यातली बाई तंबूत दाखवणार? जगात बायकांचं काम करायला पोरं न्हाईत व्हय?" ती घोटणी खाली न ठेवता म्हणाली, "व्हती की. एक आपणच दिलं व्हतं. आता बाईचं काम बाई करतीय. माझं ह्या वयात कोण काय वाकडं करनार, दस्तगीर? आणि केलं तर कॅमेऱ्याम्होरं कर, इबूला उपेगी पडंल." फीत आम्ही आमच्याच छपरात धुतली, लगद्याच्या हौदात, कुकडीच्या पाण्यात. वाळायला लाकडी पिंपावर गुंडाळून ठेवली आणि मी हौशीरामाबरोबर त्याचा कॅमेरा विकायला पिंपळवंडीला गेलो. विकत घेणारा येऊन बसला होता. दुपारी परत आलो तर फुफी दारातल्या उजेडात मांडीवर फळी घेऊन बसलेली. फळीवर माझी फीत. हातात अकीकाच्या दगडाची घोटणी, कोंबडीच्या अंड्याएवढी, तिच्या आईच्या हातातून आलेली. ती एका लयीत घोटत होती, वर, खाली, वर, खाली, आणि घोटलेला भाग दुसऱ्या बाजूला नीट वेटोळं करून ठेवत होती. फितीची एक बाजू चकचकीत असते आणि एक मंद. मंद बाजूवरच चित्र असतं. तिनं बोट फिरवून बघितलं होतं, तिला ती बाजू खरबरीत लागली होती. तिला वाटलं, घाईत पोराचं काम अर्धं राहिलं.

मी ओरडलो. तिच्यावर जन्मात एकदाच ओरडलो, ते तेव्हा. काय ओरडलो ते लिहीत नाही. तिनं घोटणी थांबवली. भ्यायली नाही; नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जसं हौदातून फाटका कागद वर आला की बघायची. म्हणाली, "खरबरीत कागूद आपल्या घरातनं कधी भाईर गेला न्हाई, इबू. लोकं काय म्हनतील?" कॅमेरा गेला होता. कोरी फीत एक फूट उरली नव्हती. आणि तिनं घोटली होती ती मूळ फीत, जिच्यावरून पडद्याची फीत छापायची ती. म्हणजे ते घोटणं आता कायमचं. मी ती उचलून उजेडाला धरली. लहान लहान चौकटीत ती चालत येत होती आणि प्रत्येक चौकटीवर तिच्याच हाताच्या रेघा होत्या, वरून खाली, सरळ, समांतर. चाळीस वर्षं घोटून बसलेला हात. एक रेघ वाकडी नव्हती. पडद्यावर पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. आमच्या कागदात तागाचे तंतू दिसतात तशा काळ्या रेघा तिच्या अंगावरून, डोंगरावरून, वाटेवरून सरकत होत्या. ती कागदातून चालत येत होती. आणि वाट संपते तिथं रेघाही संपत होत्या. तिथं मी ओरडलो होतो.

चिमाजीराव पंख्याची दोरी ओढणाऱ्याला काहीतरी सांगत होता. मी डबे एकावर एक ठेवले आणि उपरण्यात बांधायला घेतले. "हे काय? विचार करा," तो म्हणाला. मी म्हटलं, "राव, म्हातारी काढली तर कागद कोण करणार?" "अहो, चित्रपट आहे तो." "म्हणूनच." तो उठला, टेबलाला वळसा घालून आला, आणि माझ्या लक्षात आलं की त्याचा हात पुन्हा वर येतोय. समजूत घालायला असेल. खांद्यावर ठेवायला असेल. मी डबे छातीशी धरले आणि माझ्याच उजव्या हातानं माझी हनुवटी झाकली. विचित्र दिसलं असणार. तो थबकला. मी म्हटलं, "हिला सकाळपासून हात लावून झालाय. आता पुरे." तो जरा हसला, मग कडक झाला. "पुण्यात दुसरं कोणी थिएटर देणार नाही. कमळाकरला दिलं असतं. इब्राहिमला नाही." मी म्हटलं, "मग इब्राहिम जुन्नरात दाखवील." मी जिना उतरलो. माझ्या नावावर मी पहिल्यांदाच काहीतरी नाकारलं होतं, आणि त्याचं वजन चार डब्यांहून जास्त होतं. मोटारीच्या टपावर डबे ठेवू दिले नाहीत. नारायणगावापर्यंत मांडीवर घेऊन बसलो. शेजारी घोडेगावकडची साळुबाई म्हणून एक बाई, तिनं विचारलं, "काय हाय भाऊ, तूप?" मी म्हटलं, "माझी फुफी." ती दुसऱ्या बाकावर सरकली.

दाखवायचं कशावर, हा पुढचा प्रश्न. हौशीरामानं हातानं फिरवायचं जुनं यंत्र आणि गॅसचा दिवा मिळवला. छपराच्या खिडक्यांना गोणपाटं ठोकली की भर दिवसा अंधार होत होता. पण एवढं मोठं पांढरं कापड आमच्याकडं नव्हतं. मी म्हटलं, कागदाचा पडदा करू. फुफी तीन दिवस हौदाशी उभी राहिली. बाप तेव्हा जागेवरून उठत नव्हता, पण पडल्या पडल्या लगदा घट्ट झाला की सैल हे पाण्याच्या आवाजावरून सांगायचा. एकशे वीस कागद झाले. भिंतीवर वाळले, खळीनं एकाला एक जोडले. मग ती फळी आणि घोटणी घेऊन बसली आणि मला सांगणं भाग पडलं. घोटलेल्या कागदावर उजेड चमकतो, चित्र दिसत नाही. पडदा खरबरीतच लागतो. तिनं घोटणी ह्या हातातून त्या हातात केली. शेवटी म्हणाली, "म्हंजी तुज्या धंद्यात सगळं उलटं." "व्हय, फुफी." "आणि मी घोटलेलं तसंच दावनार?" "तसंच." "लोकं हसतील." "हसू देत." तिनं घोटणी पदराच्या गाठीत बांधली. त्यानंतर दोन दिवस, पडदा उभा राहीपर्यंत, येता जाता ती त्या कागदावरून तळवा फिरवायची आणि अंगावर काटा आल्यासारखा मागं घ्यायची.

बाजाराच्या दिवशी दुपारी छपरात माणूस मावेना. कागदी मोहल्ला झाडून आला, बागवान आले, पिंपळवंडीचे शेतकरी पाटीत भाजी तशीच ठेवून आले. दस्तगीर चुलता दारातच उभा राहिला. आत यायचं नाही आणि जायचंही नाही. यंत्र मी फिरवत होतो. मधल्या पाट्या हौशीराम मोठ्यानं वाचत होता, कारण वाचणारे त्या गर्दीत चार नव्हते. दुसरा डबा लागला. ती डोंगराकडून चालत आली आणि रेघा सुरू झाल्या. छपरात चुळबूळ झाली. "यंत्र बिघडलं रं," मागून कुणीतरी. "तुझं डोळं बिघडलं," दुसरा. मग पहिल्या रांगेतली गोजरबाई, जी आमच्याकडं लगदा कुटायला यायची, शांतपणे म्हणाली, "ताजबीचा हात हाय त्यो. तिच्या घोटण्याची रेघ मी झोपंत वळखीन." बस, एवढंच. कुणी हसलं नाही. कागदाचं काम केलेली सगळी माणसं पुढं वाकली आणि रेघा बघायला लागली, कागद उजेडाला धरून बघतात तशी. मला फुफी दिसत नव्हती, ती भिंतीला टेकून होती, पण पदरातली घोटणी भिंतीच्या दगडावर हलकेच वाजल्याचा आवाज आला. दारात दस्तगीर चुलत्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

शेवटच्या डब्याच्या शेवटी नावाची पाटी होती. ती मी छापली नव्हती. आमच्याच कागदावर बोरूनं लिहिली होती आणि कॅमेरा विकण्याआधीच हौशीरामाकडून तिचं चित्र घेतलं होतं. अक्षरं वाकडी होती, पहिल्या ओळीत ताजबीचं नाव, खाली माझं. पाटी आली आणि हौशीराम गप्प बसला. माणसं थांबली. मी हळूच म्हटलं, "वाच की." तो म्हणाला, "मी कशाला? तुला येतंय." मी हँडल फिरवत होतो, थांबवलं असतं तर फीत पेटली असती. एका हातानं फिरवत, पडद्याकडं बघत मी वाचलं. भर माणसात कधी वाचलं नव्हतं. आवाज हळूच निघाला. वाचताना कळलं की हनुवटी वर झालीय, आणि तिच्याखाली कुणाचंच बोट नाही. मागून, भिंतीकडून, फुफी म्हणाली, "ऐकू येत न्हाई इबू. मोठ्यानं."

मी पुन्हा वाचलं.